आश्रमशाळेतलं कापडाचं दुकान

"हे पाहा. उजेडात धरून पाहा. पसंत नसन त ठेऊन द्या, मी काई रागावत नाई."

असं म्हणत बाई साडीची घडी एका झटक्यात सोडायची आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवायची. कापडवाले तुम्ही खूप पाहिले असतील, पण फुकटचं कापड असं दाखवणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

गोदावरीला पूर आला तेव्हा सिरोंच्याकडच्या काठावरची गावं आमच्या आश्रमशाळेत आणून ठेवली होती. मी तिथं स्वयंपाकाला. माहेर पार कुरखेड्याकडं, शाळा आठवीतच सुटलेली, इथली तेलुगू निम्मीच कळायची. चंद्रपूरहून मदतीच्या कपड्यांची गाडी आली, तिच्यात पोत्यांवर बसून ही बाई आली. एरवी ती आठवडी बाजारात कापडाचं गाठोडं घेऊन बसायची.

गाडीवाले पोती अंगणात ओतायला लागले तशी ती ओरडली, "ढीग नका करू! ढिगातून ओढून काढलं का मानूस मांगणारा होते. बसून पाह्यलं का गिऱ्हाईक होते."

मग एका वर्गात सतरंज्या घातल्या, आलेल्याला आधी पाणी दिलं. बायका लाजत बसल्या. शेवटी एकीनं विचारलं, "रंग जाईन का?"

"गेला त आणून दे, बदलून देईन."

त्यावर असा गलका उठला, की घटकाभर कोणाला पूर आठवला नाही.

शहरातून कोणीतरी चक्क लग्नातला कोट पाठवला होता. तंबाखू मळत बसलेल्या एका आजोबांनी तो उघड्या अंगावर चढवला. बाई म्हणाली, "भाऊ, नवरी कुठी हाय?" आजोबा म्हणाले, "तूच पाहून दे." कोट त्यांनी काही काढला नाही.

मला पाण्याची फार भीती. सारखी चूल सोडून फाटकाशी जायची, पाणी कुठवर आलं बघायची. "तू पाह्यल्यानं पानी उतरत नाई वो," बाई म्हणायची, "भात मात्र लागते." आणि तोवर तिनंच येऊन भाताखालचा जाळ ओढलेला असायचा. एवढ्या लांब मला असं बोलणारं कोणी नव्हतं. बरं वाटायचं.

व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारी बसलेली असायची. सगळे तिला अव्वा म्हणत. नवरा म्हशी सोडून यायला तयार नव्हता, तो गावातच राहिला होता. फोन लागत नव्हता. अव्वा आली तशी त्याच ओल्या लुगड्यात, अंगात ताप, पण दुकानात काही येईना. मग बाईनं सगळ्या पोत्यांतली उत्तम साडी निवडली, पांढरी, हिरव्या काठाची, आणि नेऊन तिच्या मांडीवर ठेवली.

अव्वानं विंचू झटकावा तशी ती झटकली आणि हंबरडा फोडला.

तिच्या गावची एक शेजारीण धावत आली. "कुंकू नाई, हळद नाई, अन् पांढरी. सवाष्णीले अशी साडी कव्हा देतेत, बाई? नवरा गेल्यावर. तिले वाटलं, खबर आली."

बाईचं तोंड उतरलं. "मी काठच पाहात राह्यली," एवढंच म्हणाली.

मग ती माझ्या स्वयंपाकघरात आली. "हळद दे." हळद होती, पण कुंकवाच्या डब्या सगळ्यांच्याच पुरात गेलेल्या. बाईनं कोटवाल्या आजोबांपुढं हात केला. "भाऊ, चुना." हळदीत तंबाखूचा चुना कालवला, तशी वाटी लाल झाली. ती तिनं माझ्या हातात दिली.

"तू लाव. मले चालत नाई. माहा मानूस नाई."

तिचं कपाळ मोकळं आहे, हे मला तेव्हा दिसलं.

व्हरांड्यातल्या साऱ्या सवाष्णींना मी कुंकू लावलं. अव्वापाशी पोचले, तर तिनं माझा हात धरून थांबवला आणि तेलुगूत काही म्हणाली. शेजारीण म्हणाली, "जिनं साडी आणली तिनंच लावावं म्हणते."

बाई मागं सरकली. "सांग तिले, माहा मानूस नाई म्हणा."

शेजारणीनं सांगितलं. अव्वानं नीट ऐकून घेतलं आणि कपाळ पुढं केलं.

बाजारात हजारो वार कापड मोजलेल्या त्या हातानं बाईनं तिला कुंकू लावलं. मग तिच्या मांडीवर साडी ठेवली, या वेळी लाल. अव्वा आत जाऊन नेसून आली आणि पहिल्यांदा पेज प्यायली.

सकाळीच दुसऱ्या शिबिराची गाडी बाईला न्यायला आली. चढता चढता म्हणाली, "म्हाताऱ्याचं कळवजो वो मले." गाडी वळल्यावर ध्यानात आलं, नंबर कोणीच घेतला नव्हता.

दुपारी नाव लागली. चिखलानं माखलेला म्हातारा उतरला आणि अव्वाला शोधत अव्वाच्याच समोरून पुढं गेला. लाल साडीत त्यानं तिला ओळखलंच नाही. मग अव्वानं त्याला अशा काही शिव्या दिल्या, की सगळी शाळा गोळा झाली.

तेव्हा तुम्हांला एक मागणं आहे. चंद्रपूरकडच्या कुठल्या बाजारात अशी बाई बसलेली दिसली, तर कापड घ्या नाहीतर नका घेऊ, पण एवढं सांगा: म्हातारा आला म्हणावं. म्हशीही वाचल्या.