बाथरूमच्या दाराशी चढणारा आकडा

आमच्या कामात एक सवय अंगात मुरते. आकडा विचित्र आला की आधी स्वतःच्या सर्किटवर संशय घ्यायचा. सेन्सरमधून येणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की बोर्डावर जरा दमटपणा साचला तरी मोजमापाचा बट्ट्याबोळ होतो.

मी तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखणाऱ्या, खिशात मावेल अशा यंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर करत होते. एक नमुना चाचणीसाठी बंगळूरला, बसवनगुडीतल्या घरी आणून ठेवला होता. त्याच आठवड्यात बाबा बेळगावहून राहायला आले.

रोज सकाळी आकडा चढायचा आणि थोड्या वेळाने उतरायचा. बंगळूरची दमट हवा, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं. बोर्ड स्पिरिटने पुसला, वर संरक्षक लेप दिला. तरी तेच. त्या यंत्राचा मला भयंकर राग यायला लागला. बाबांचं डोकं दुखत होतं, पण त्याचं खापर ते इथल्या गोड सांबारावर फोडत होते.

रविवारी बाबा आंघोळीला गेले आणि यंत्र केकाटायला लागलं. मी वैतागून ते खिडकीपाशी नेलं, आकडा उतरला. परत आत आणलं, चढला. बाथरूमच्या दाराशी तर तो इतका वर गेला, की तसा मी फक्त प्रयोगशाळेत, गॅस सोडलेल्या बंद पेटीत पाहिला होता. आत गॅसचा गीझर होता. थंडी वाजते म्हणून बाबा खिडकी गच्च लावून घ्यायचे. म्हणजे जळत्या गीझरमधून निघणारा तोच वायू रोज आत कोंडत होता.

मी दार बडवलं, हाका मारल्या. आतून फक्त भरलेली बादली वाहत असल्याचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना मी ‘अण्णा’ म्हणून ओरडून बोलावलं. ते धावत आले आणि त्यांच्या खांद्याच्या धडकेने कडी निखळली. बाबा भिंतीला टेकून बसलेले, मान एका बाजूला कलंडलेली. आम्ही त्यांना ओढतच बाहेर आणलं. श्वास चालू होता.

दुपारी हॉस्पिटलात ते नीट शुद्धीवर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, रोजचा आकडा, माझं पुसणं, लेप देणं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला सारला.

“म्हणजे तुझं मशीन पहिल्या दिवसापासून बरोबरच होतं की गं.”

त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि मला ते बघवेना.