रघूनं बसवलेली दारं

रघू गेल्याचं मला कुणी कळवलंच नाही. सातपूरच्या भाजीबाजारात एका जुन्या कामगारानं विचारलं, "दहाव्याला दिसला नाहीत, साहेब?" तेव्हा कळलं. गेल्या महिन्यात कामगारांनी शोकसभा घेतली, तिला मात्र गेलो. एकेक जण उठून गहिवरत होता, "रघूभाऊसारखा कारागीर होणे नाही..." आणि बाहेर भिंतीलगत या सगळ्यांच्या गाड्या उभ्या. जपानी, कोरियन. आमच्या कारखान्याची एकही नाही! एका कोरियन गाडीवरून ज्यांनी रघूला वाळीत टाकलं, तेच हे. डोक्यात तिडीक गेली. पण उठून बोललो नाही. कारण ती गाडी माझी होती.

आम्ही दोघं नाशिक रोडला एका शाळेत शिकलो आणि एकाच कारखान्यात लागलो. मी ऑफिसात, तो लाइनवर, गाड्यांची दारं बसवायला. रबरी हातोड्यानं बिजागरीशी दोन हलके ठोके द्यायचा, मग तळहातानं दार लोटून मान तिरपी करून ऐकायचा. "दार आपटायचं नसतं रे सुहास, लोटायचं. नीट बसलं असेल तर आपणहून मिटतं." खंडेनवमीला लाइनवर हत्यारांची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि नव्या गाडीचं दार पहिल्यांदा लोटायचा मान रघूचा. वर्षातून त्या एकाच दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

नव्वदनंतर परदेशी गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. आमच्या गेटातून मात्र कारखान्याचीच गाडी आत यायची. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. गाडी घ्यायचं ठरल्यावर मी रघूला विचारलं. तो म्हणाला, "आपलीच घे. तुझी दारं मी स्वतः बसवतो." मी हो म्हणालो आणि महिन्याभरानं कोरियन घेतली. कॉलनीतल्या लोकांनी वळून बघावं, एवढंच कारण.

पहिल्याच दिवशी गेटवर दहा-बारा जणांनी अडवलं. "काय सायेब, आपल्या गाडीला काटे हायेत का?" "मग आमच्या पोरांनी भाकर काय कोरियात मागायची?" बॉनेटवर कुणाची तरी थाप पडली. मी घाबरलो आणि बोलून गेलो, "मला काय विचारता? रघूला विचारा. दारं बसवणाराच म्हणाला, आपली घेऊ नको."

तेवढ्यात शिफ्ट संपवून रघूच आला. त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "घेतली ना त्यानं? मग सोडा आता."

त्या खंडेनवमीला दार दुसऱ्यानं लोटलं. पुढेही, रघू निवृत्त होईपर्यंत. कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना. तो आला की टोमणा यायचा, "या, कोरियाचे पाहुणे!" मी पलीकडे मुकाट्यानं जेवत राहायचो. एकदाच तो माझ्या गाडीपाशी आला. वाटलं, आता शिव्या घालणार. त्यानं दार लोटलं, मान तिरपी केली. "छान बसवलंय. तिकडेही कुणीतरी मन लावून काम करतंय." बस. त्याच्या या चांगुलपणाचाही मला राग येतो. चारचौघांत एकदा मला खोटारडा म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं?

तर त्या गेटवर जे होते त्यांच्यासाठी लिहितो. रघूनं मला आपलीच गाडी घ्यायला सांगितलं होतं. खोटं मी बोललो. तुम्ही वीस वर्षं त्याचं काम बघूनही ते खरं मानलंत, आणि मग त्याच परदेशी गाड्या घेतल्यात.

परवा रघूच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना हे सांगितलं. देवघराशेजारी खुंटीला तो रबरी हातोडा होता. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. हे म्हणायचे, सुहास कधीतरी सांगेल." मला पुढे बसवेना. बाहेर येऊन माझ्या त्याच जुन्या गाडीचं दार लोटलं. मिटलं नाही, बिजागरी केव्हाची सैल झालीय. पुन्हा लोटलं. मग रागानं हात उगारला, तर उंबऱ्यातून वहिनी म्हणाल्या, "आपटू नका, भाऊजी."

दार तसंच धरून मी उभा राहिलो...