ब्रदर आणि बाथरूममधली पाल

ब्रदरना हळू बोलता येत नसे. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ आयुष्यभर म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स होते. पुरुष नर्सला तिथे ब्रदर म्हणतात, तेच त्यांचं नाव होऊन बसलं. ढोपर आणि लिंग हे दोन्ही शब्द ते एकाच आवाजात उच्चारत, आणि तो आवाज गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचे.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन आठवडे झाले होते. एका रात्रीच्या अतिउत्साहात नाजूक जागी कातडीला बारीकशी चीर पडली. दाढी करताना कापलं की आफ्टरशेव्ह लावायचं, एवढंच माझं वैद्यकीय ज्ञान. सकाळी बाथरूममध्ये ते लावलं आणि जो काही ओरडलो, त्याने बायको, मेधा, धावत दाराशी आली.

"काय झालं रे?"

"पाल!" मी आतून म्हणालो.

पुढच्या चार रात्री मी पाठ दुखतेय म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपलो. पाचव्या दिवशी मेधाने माहेरी, घाटकोपरला, जायला बॅग काढली. "मी आवडत नसेन तर तसं सांग ना," एवढंच म्हणाली. मी तडक तिसरा मजला गाठला.

"ब्रदर, जरा कापलंय."

"पायाला?"

"वर."

"गुडघा?"

"अजून वर."

"अरे, मग लिंगाला म्हण ना! कोपर सांगताना लाजतोस का?"

समोरच्या फ्लॅटचं दार हळूच बंद झालं.

आत नेऊन, चष्मा लावून त्यांनी तपासलं. "चीर काहीच नाही रे, आफ्टरशेव्हने वाट लावलीस. नुसत्या कोमट पाण्याने धू, साबण नको. चोळू नकोस, टिपून घे. सैल सुती चड्डी घाल. पूर्ण भरेपर्यंत उपास! सूज आली, पू झाला, रक्त थांबेना, तर सरळ डॉक्टर गाठ." मग चष्मा काढून म्हणाले, "बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग औषध अर्धंच झालं. जा."

बॅग दाराशी येऊन थांबली होती. मी सगळं ब्रदरच्याच शब्दांत सांगितलं, फक्त हळू आवाजात. मेधाने एवढंच विचारलं,

"म्हणजे पाल नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी चार दिवस शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जातेय!"

बॅग माळ्यावर गेली. हा किस्सा मेधानेच ब्रदरना सांगितला. त्यानंतर मी जिन्यात दिसलो की ते वरूनच विचारत, "काय रे, पाल गेली का?"

गेल्या वर्षी ते आजारी पडले. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा आवाज पार बसला होता. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

"पाल?"

"परत नाही दिसली, ब्रदर!" मी इतक्या मोठ्याने सांगितलं की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.