हवालदारांच्या स्टोव्हवरचा चहा

आमच्या शेजारच्या हवालदारांइतका एखाद्या वस्तूचा ताबेदार झालेला माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. माणसं दारूच्या आहारी जातात, पत्त्यांच्या जातात, कोर्टकचेरीच्या जातात. हवालदार वीतभर उंचीच्या एका पितळी स्टोव्हच्या आहारी गेले होते. कवठे महांकाळच्या अलीकडे, जिथे पावसापेक्षा धूळच जास्त पडते अशा गावात मी शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि हवालदार पेन्शन घेऊन घरी परतले होते. फौजेत ते मोटार हाकत. मिसरच्या वाळवंटातून आणि पुढे इटलीच्या चिखलातून या गड्यानं काय काय आणलं असेल ते बघायला म्हणे सगळं गाव त्यांच्या दारात जमलं होतं. हवालदारांनी पत्र्याचा एक डबा उघडला, आतून तो स्टोव्ह काढला, त्याचे दुमडलेले तीन पाय उलगडले आणि जाहीर केलं, "ह्यो फौजी श्टो. वाळूच्या वादळात बी इझत न्हाई." गाव निमूटपणे आपापल्या घरी गेलं.

या स्टोव्हची जी बडदास्त होती ती जावयाचीही नसते. रोज सकाळी सोप्यात घोंगडी अंथरली जाई. तिच्यावर स्टोव्ह खोलून त्याचा एकेक भाग ओळीनं मांडायचा, आणि हवालदार पाठीमागे हात बांधून त्या ओळीपुढून चालत जायचे. पंपाचं चामडं वाळू नये म्हणून ते गोड्या तेलात भिजत ठेवायचं. रेशनचं घासलेट आधी एक दिवस बाटलीत नुसतं उभं करून ठेवायचं, म्हणजे गाळ खाली बसतो, आणि मग जुन्या फौजी टोपीच्या कापडातून दोनदा गाळायचं. एकदा नाही, दोनदा. मग बर्नरखालच्या वाटीत भिजवलेली चिंधी पेटवायची आणि बर्नर तापेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी एकदा मध्येच "हवालदार, शाळेची वेळ झाली हो" म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं मांडी बदलून बसलो. त्या दिवशी शाळा अर्धा तास उशिरा भरली आणि पोरांनी हवालदारांना दुवा दिला.

लढाईमुळे स्टोव्हची पिन कुठे मिळत नसे. बर्नरचं बारीक भोक साफ करायला ही पिन लागते. आमच्यासारख्यानं नाद सोडला असता. हवालदार तडक मिरजेला गेले आणि तिथल्या एका सतार करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात शिरून त्यांनी सगळ्यात बारीक तार मागितली. चाचांनी चष्म्यावरून त्यांच्या मिशा न्याहाळल्या. "आप क्या बजाते हो, हवालदारसाब?" त्यांनी अदबीनं विचारलं. हवालदारांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "श्टो." चाचांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी हातभर तार कापून दिली आणि ती पुढे दोन वर्षं पुरली.

या सगळ्या खटाटोपातून निघायचा काय, तर दोन कप चहा. एक हवालदार स्वतः प्यायचे. दुसरा कप ते आत नेऊन बायकोच्या चुलीपाशी ठेवायचे आणि बाहेर यायचे. ती माउली त्या कपाला बोट लावत नसे. चहा थंडगार झाला की उठायची, गोठ्यात जायची आणि म्हशीच्या आंबोणात ओतायची. मी शेजारी अडीच वर्षं राहिलो. एकही दिवस हा चहा ठेवायचा राहिला नाही, आणि एकही दिवस तो तिनं प्यायला नाही.

मला वाटायचं, घासलेटाचा वास तिला सोसत नसेल. एकदा मी मूर्खासारखं विचारलंही, "वहिनी, एक घोट घेऊन तर बघा, वाईट नसतो." ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मास्तर, माझ्या बापूला ह्यांनीच साताऱ्याला भरतीला न्हेलं. धाकटा भाऊ माझा. आई बोलली, घरात एकच पोरगा हाय, न्हिऊ नगा. तर म्हणालं, माझ्या नदरंखाली ऱ्हाईल. भाऊ घिऊन गेलं आन् श्टो घिऊन आलं." आणि पुढची भाकरी तव्यात टाकली. बापू इटलीत सुरुंगावर पाय पडून गेला होता. सोप्यात बसलेल्या हवालदारांना हे सगळं ऐकू गेलं असणार. ते पंपाच्या चामड्याला तेल लावत राहिले. त्या दिवसापासून मी त्या दुसऱ्या कपाची चेष्टा सोडली. माणूस रोज सकाळी माफी मागतो आणि रोज सकाळी ती म्हशीच्या आंबोणात जाते, यात हसण्यासारखं काय आहे?

मग तिसऱ्या साली गावात उंदीर मरून पडायला लागले. आमच्या भागात उंदीर पडले म्हणजे प्लेग, पुढचं सांगावं लागत नसे. घरांना कड्या घालून सगळं गाव माळावर गेलं आणि कडब्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माझी झोपडी हवालदारांच्या झोपडीला लागूनच होती. काड्यापेट्या मिळत नव्हत्या, म्हणून सकाळी एकमेकांकडून विस्तव न्यायचा. पण ज्या झोपडीत ताप शिरला तिथला विस्तव कुणी नेत नसे आणि तिथे कुणी देतही नसे. हवालदारांना त्याची पर्वा नव्हती. फौजेतून आणलेलं चकमकीचं लायटर होतं, स्टोव्ह होता. माळावर आल्यावर त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांचा राग आला. "मास्तर, ह्याला म्हणत्यात क्यांप," ते म्हणाले. चार झोपड्यांपलीकडे मुलाण्याचं मढं बाहेर काढत होते आणि हा बाबा वाऱ्याला आडोसा म्हणून स्टोव्हभोवती दगड रचत होता!

आठ दिवसांनी वहिनींना ताप भरला. जांघेत गाठ आली. हवालदारांना सगळं उमगलं आणि त्यांचा उजळलेला तो चेहरा एका रात्रीत काळा पडला. मी लांब राहावं म्हणून त्यांनी मला शिव्या घातल्या. मी लांब राहिलो नाही. माझ्या मागेपुढे तेव्हा होतं कोण? तिसऱ्या दिवशी दुपारी मी दाराशी पाण्याची घागर ठेवत होतो. वहिनींनी डोळे उघडले.

"आवं," त्या म्हणाल्या. हवालदार पुढे वाकले. "त्या श्टोवर बापूला च्या दिला व्हता का कवा?"

"रोज," हवालदार म्हणाले. "रोज सकाळी. पयला कप त्येचा."

वहिनींनी दाराबाहेरच्या स्टोव्हकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "मग मला बी करा की. घोटभर."

दोन वर्षं आठ महिने ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द कानांवर आले आणि हवालदारांचं भानच गेलं. दारातून ते धावत बाहेर आले. स्टोव्हची टाकी रिकामी होती. त्यांनी रेशनची बाटली उचलली आणि सरळ टाकीत उपडी केली. दिवसभर उभी ठेवली नाही, टोपीच्या कापडातून गाळली नाही. चिंधी धड जळायच्या आत पंप मारला. स्टोव्ह एकदा भडकला, दोनदा खोकला आणि विझला. घासलेटातला गाळ बर्नरच्या भोकात बसला होता. त्यांनी घाईघाईनं पिन घातली आणि ती सतारीची तार आतच तुटली.

"हवालदार, माझी चूल पेटलेली आहे," मी ओरडलो. "दोन मिनिटांत आणतो!"

"न्हाई," ते म्हणाले. "तिनं श्टोवरचा मागितलाय."

"अहो, तिला काय कळणार आहे आता?"

"मला कळंल की."

मी काय करणार? तापलेला बर्नर त्यांनी उघड्या हातानं फिरवून काढला. बोटांची सालं निघाली. तुटकी तार उपसली, नवी कापली, भोक मोकळं केलं, बर्नर परत बसवला. या खेपेला वाटीतली चिंधी पूर्ण जळू दिली. निळी ज्योत आली, सणसणीत, जराही न हलणारी. चहाला कढ आला. कप घेऊन ते आत गेले आणि मी बाहेर उभा राहिलो. थोड्या वेळानं मी डोकावलो तेव्हा ते तिच्या उशाशी बसलेले होते आणि कप तसाच भरलेला होता. ती गेली होती. केव्हा गेली ते आम्हां दोघांनाही कळलं नव्हतं.

दहाव्याला ओढ्यावर मोजकीच माणसं आली. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता मान वळवायचा. भाऊबंदांनी हात जोडून सांगितलं, म्हशीकडं बघू, मालकाकडं बघू, काळजी करू नगंस. काही नाही. ऊन चढलं. तेव्हा हवालदारांनी पिशवीतून स्टोव्ह काढला. "च्या ऱ्हायलाय तिचा," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनी बाटली काढली, टोपीचं कापड काढलं आणि शांतपणे घासलेट गाळायला बसले. एकदा गाळून होत होतं, तेवढ्यात कावळा खाली उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला. "शिवला, शिवला!" म्हणत माणसं सुटल्यासारखी उठली. हवालदार बाटली हातात धरून बसूनच राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"मास्तर," ते वर न बघता म्हणाले, "मागितला व्हता न्हवं तिनं? तुमी ऐकलंय न्हवं?"

"ऐकलंय," मी म्हणालो.

पुढे माझी बदली औंधाकडे झाली. वर्षातून एकदा हवालदार माझ्याकडे यायचे. जेवायचे, पिकापाण्याचं बोलायचे, आणि निघताना उंबऱ्यावर थांबून तेवढंच विचारायचे. मी साक्षीदार होतो. दुसरं तिथे कुणीच नव्हतं. शेवटच्या खेपेला ते इतके वाकले होते की मीच त्यांच्या पायांत वहाणा सरकवल्या.

"मागितला व्हता न्हवं, मास्तर?"

"मागितला होता, हवालदार. माझ्या या कानांनी ऐकलंय."

त्यांनी मान हलवली आणि हळूहळू गाडीरस्त्याकडे निघाले.