काना बरोबर आहे!

आमच्या चॅनेलात जुन्या पट्ट्या कोणी पुसत नाही, म्हणून हे किस्से साठलेत. पट्टी म्हणजे टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाच्या छातीखाली येते ती निळी ओळ. वर नाव, खाली तो कशातला शहाणा ते. सीवूड्सच्या एका इमारतीत आमचं केबलचं न्यूज चॅनेल आहे आणि तिथल्या पट्ट्या अकरा वर्षं मी टाइप करते. वय एकाहत्तर, शाळा चौथी. पुढचं मराठी भज्यांच्या कागदावरून शिकले, आणि पुष्कळ तज्ज्ञांपेक्षा बरं शिकले. फाइल उघडली की एकेका नावाखालून एकेक माणूस बोलायला लागतो.

* * *

माझी नेमणूक भांडणातून झाली.

आमचं गाव खाडीच्या बांधाआड. बांधात एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते गावातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ देत नाही. हे दार गंजलं. दोघांनी मिळून खेचलं तरच लागतं, आणि दुसरा माणूस मिळेना. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला माझ्या स्वयंपाकघरात सिलिंडर तरंगायला लागला.

चॅनेलने बातमी केली. चांगलं केलं. पण खाली पट्टी काय? ‘गावची उघडी गंजली, ग्रामस्थ हैराण!’

तशीच रिक्षा करून ऑफिस गाठलं. संपादक मिलिंद तेव्हा नवा होता. म्हटलं, "आमच्या गावात उघडी कोण दिसली रे तुला?"

"मावशी, एक काना राहिला हो! एवढं कळतं तर तुम्हीच टाइप करा!"

"खुर्ची कुठाय?" मी म्हटलं.

काना बसला. दार तसंच राहिलं.

* * *

एका चर्चेला दोन राजकीय विश्लेषक आले. पहिले माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पट्टीत ‘ज्येष्ठ’ घाला बरं का." दुसऱ्यांनी ते ऐकलं. "मग मलाही घाला!" पहिले भडकले. "ह्यांना घालणार असाल तर माझं काढा!"

मी दोघांना जन्मसाल विचारलं. दोघांचे केस डांबरासारखे काळे. दोघांनी एकदम चहा मागवला!

"मग इथे ज्येष्ठ मीच," म्हटलं, आणि दोघांना नुसतं विश्लेषक ठेवलं.

* * *

बोलावलेले तज्ज्ञ बऱ्याचदा ट्रॅफिकमध्ये अडकतात. अशा वेळी समोरच्या सोसायटीतल्या प्राध्यापकांना फोन जातो. निवृत्त आहेत, संस्कृत शिकवायचे. रस्ता ओलांडला की हजर! माझ्या फाइलीत ते संरक्षण तज्ज्ञ आहेत, डेंग्यू तज्ज्ञ आहेत, क्रिकेट समीक्षक आहेत, आणि एकदा चांद्रमोहिमेचे अभ्यासकसुद्धा आहेत.

एकदा विचारलं, "सर, आज काय लिहू?"

"तुम्हीच बघा हो. मला विषय अजून सांगितला नाही."

मी लिहिलं, ‘रहिवासी, बी विंग’. चॅनेलात कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त त्यांच्या मिसेसचा फोन आला. "मावशी, आज पहिल्यांदा खरं छापलंत!"

* * *

नाल्याच्या वासावर चर्चा होती. पर्यावरणाचे एक सल्लागार आले. सांगत होते की वासबीस काही नाही, लोकांचे मनाचे खेळ आहेत.

साउंडवाला हेडफोनमधून सारखा ओरडत होता, "सरांचा आवाज दबका येतोय!"

शेवटी निवेदिका तन्वी ब्रेकमध्ये म्हणाली, "सर, प्लीज तो नाकावरचा रुमाल काढता का?"

"खिडकी बंद करा, मग काढतो!" सर म्हणाले.

* * *

मी मिलिंदच्या मागे लागून लागून उघाडीवर चर्चा लावायला लावली. आले ते नगररचनेचे डॉक्टर, पीएच.डी.वाले, लॅपटॉपसकट. रंगीत नकाशे दाखवले. मग तन्वीने नेमकं विचारलं, "सर, उघाडीचं काय करावं?"

डॉक्टर चिडून म्हणाले, "पण ती उघडी ठेवलीच का? बंद करून टाका ना कायमची!"

कायमची बंद केली तर गावातलं पाणी जाणार कुठे, हे कोणी विचारलं नाही. उलट हेडफोनमध्ये मिलिंद, "मावशी, सर उघडी म्हणतायत! पट्टीत काना जास्त पडलाय!"

"काना बरोबर आहे," मी म्हटलं. "तज्ज्ञ चुकलाय."

* * *

शेवटचा किस्सा गेल्या अमावास्येचा. त्या दिवशी माझं घर कोरडं राहिलं, एवढं आधीच सांगते.

माझे धाकटे दीर नामदेव चाळीस वर्षं त्या दारावर. दार ओढायला जोडीला असायचा तो माणूस वारल्यापासून एकटेच झटतात. मी मिलिंदला म्हटलं, ह्या वेळी खुर्चीत त्यांना बसव.

"शिक्षण काय त्यांचं?"

"पोहतात."

"मावशी, मग तज्ज्ञ नाही लिहिता येणार. ‘ग्रामस्थ’ लिहा."

लिहिलं. पगार घेते.

साडेअकराला चर्चा सुरू झाली. एका बाजूला तेच डॉक्टर, मध्ये नामदेव, आणि पलीकडे, तिसरा पाहुणा अडकला म्हणून, आमचे प्राध्यापक. त्यांची पट्टी होती ‘जलतज्ज्ञ’. डॉक्टर वीस मिनिटं नकाशे दाखवत होते. नामदेव घड्याळाकडे बघत होते.

तन्वी म्हणाली, "नामदेवकाका, तुम्हाला काय वाटतं?"

"आज आवस हाय ना?"

"अं... हो काका."

"मंग साडेबाराला पानी येल. दार लावाला दोगं लागतान." आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. "कोन येतंय?"

डॉक्टरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

प्राध्यापक उठले. चप्पल टेबलाखाली राहिली, ती पायाने शोधली. "चला," म्हणाले. दोघे कॉलरच्या माइकसकट स्टुडिओबाहेर! लाइव्ह!

स्क्रीनवर दोन रिकाम्या खुर्च्या, दोन्हींखाली पट्ट्या. मी शांतपणे दोन्ही बदलल्या. नामदेवांच्या खुर्चीखाली लिहिलं, ‘उघाडी तज्ज्ञ’. प्राध्यापकांच्या खुर्चीखाली, ‘मदतनीस’.

हेडफोनमध्ये मिलिंद किंचाळला, "मावशी! पट्टीत चूक आहे!"

मी चष्मा पुसला. काना, मात्रा, वेलांटी, सगळं एकदा तपासलं.

"कुठे रे?"