नवमीच्या दुपारची स्प्लिट पिन

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून हात धुवायला जाणारा माणूस. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, एवढंच माझं शास्त्र. सातवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पण या एका गोष्टीचं कारण मला आजवर सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

साठ सालाच्या आगेमागे मी मद्रासला, मैलापुरात, गाड्या दुरुस्तीचं छोटं काम सुरू केलं. मूळचा मी कराडकडचा. एका बस कंपनीत फिटर म्हणून इकडे आलो, ती बंद पडली. परत जायला तोंड नव्हतं... अशात वेंकटराव मामा भेटले. तंजावरी मराठी, सरकारी नोकरीतून निवृत्त. बसची वाट बघत मी स्वतःशीच मराठीत कुरकुरत होतो, ते ऐकून थांबले — एवढीच ओळख. घरामागचं अंगण आणि तिथली एक खोली त्यांनी मला देऊन टाकली. "आधी काम सुरू होऊं दे, मग बघूं," म्हणाले. मामी दुपारी रसमभात वाढायच्या. मी त्यांचा कोण होतो?

गिऱ्हाईक म्हणावं असं एकच होतं — डॉक्टरम्मा. बायकांच्या डॉक्टर, गाडी स्वतः चालवायच्या. त्यांनी नाव सांगितलं तर आणखी चार डॉक्टर गाड्या पाठवतील, या आशेवर मी होतो. त्या तुटल्या असत्या तर गाशा गुंडाळायचा, दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी नवमीला मामांनी खोलीत आयुधपूजा मांडली. माझे पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळं एका पाटावर. प्रत्येक हत्याराला चंदन आणि कुंकवाचं बोट. पुजलेलं हत्यार तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलत नाहीत. हे मामांनी मला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं.

बाराच्या सुमारास डॉक्टरम्मा आल्या. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढत होती. त्यांना सैदापेटहून आईला घेऊन कांचीपुरमला देवळातल्या पूजेला जायचं होतं.

"उद्या नाही का चालणार, अम्मा?" मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"पूजा आज आहे, तंबी. उद्या तुझ्याकडे कशाला येऊ?"

मी आत जाऊन पाटावरून पाना उचलला. मामा दारात उभे होते.

"तुमच्या देशांत नवमी नसते होय रे?"

"आमच्याकडे हत्यारं उद्या पुजतात मामा, दसऱ्याला. आज माझी पूजा झालेलीच नाही असं धरा."

"असं धरायचं? सरी, बरं तर," म्हणाले. आवाज चढवला नाही. लागतील ती चार हत्यारं मी घेतली. मागून त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली मामींकडे दिली आणि देवळात गेले.

अंगणात मी उजवं पुढचं चाक काढलं, ड्रम साफ केला, सगळं परत बसवलं. चाकाच्या मधोमध मोठा नट असतो. तो फिरून सुटू नये म्हणून त्यात आडवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडतात. मापाची पिन नव्हती, म्हणून एका जाड पिनेचे पाय मी कानशीने घासून बारीक केले. ती घातली. पकडीने पाय दुमडले. हे मला आज, या वयातही, बोटांना आठवतं. डॉक्टरम्मा तोवर घरात मामींची कॉफी घेत होत्या. मग त्या गेल्या.

मी हात पुसले, किल्ली मागून घेतली आणि हत्यारं परत ठेवायला कुलूप उघडलं.

पाटावर, पाना उचलला होता त्या रिकाम्या जागी, पिन होती. माझीच — कानशीचे ओरखडे ओळखू येत होते. दुमडलेले पाय परत सरळ केलेले. अंगाला चाकाचं ग्रीस. आणि वर कुंकवाचं बोट. हात लावला तर ओलं.

बाकीच्या हत्यारांवरचं कुंकू केव्हाच सुकलं होतं.

मामांची सायकल काढली. सैदापेटपर्यंत रस्ताभर मला फक्त चाक दिसत होतं, गाडी सोडून एकटंच पळणारं. डॉक्टरम्मांच्या आईचं घर मला माहीत होतं. त्या म्हाताऱ्या बाईंचं आवरता आवरत नव्हतं म्हणूनच गाडी अजून फाटकात उभी होती. मी चाकापाशी बसलो आणि मधल्या नटावरचं टोपण काढलं. पिनेचं भोक रिकामं. नट पाऊण फेरा सैल झालेला.

"काय झालं?" डॉक्टरम्मांनी विचारलं.

माझ्या मुठीत पिन होती. काय सांगणार?

"पिन घालायची विसरलो, अम्मा."

मला वाटलं, संपलं. आतून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

"मेकॅनिक," त्या म्हणाल्या. "विसरलेलं सांगायला सायकल मारत आलाय." मग मला, "बसव ती. आणि पाणी पी आधी, धापा टाकतोयस."

दुसरी पिन नव्हती. कुंकू पँटला पुसून तीच बसवली. त्या सुखरूप जाऊन आल्या.

मामांना मी सगळं खरं सांगितलं. मामी म्हणाल्या, किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. देवाने वाचवलं, असंही म्हणाल्या. पण वाचवायला पिन परत दिली, तर आधी ती चाकातून काढली कुणी?

पुढच्या महिन्यात दोन डॉक्टरांच्या गाड्या आल्या. दोघंही म्हणाले, "तो चूक कबूल करायला धावत आलेला मराठी पोरगा तूच ना?" त्या नावावर माझं दुकान उभं राहिलं, लग्न झालं, मुलं शिकली. डॉक्टरम्मा शेवटपर्यंत ही गोष्ट कौतुकाने सांगायच्या आणि मी मान खाली घालून ऐकायचो.

मी विसरलो नव्हतो. पाय मीच दुमडले होते.