सुरईच्या गळ्यावरचा डाग

चाचा तिकिटाआधी माणसाचे हात बघायचे. निलंग्याजवळच्या एका जुन्या जहागीरदाराच्या कोठीचं आता संग्रहालय झालं आहे. तिथले माळी आणि राखणदार दोन्ही तेच. आलेल्या प्रत्येकाला ते बागेतल्या हौदावर हात धुवायला लावत. आत कशालाच हात लावायचा नाही, मग धुवायचे कशाला, असं एका पाहुण्याने विचारलं. "लावू नका म्हणलं तरी लावतेतच की," चाचा म्हणाले.

दिवाणखान्यातल्या जहागीरदाराच्या तसबिरीपुढे ते लोकांना विचारत, "ह्ये कुणाकडं बघून राहिले?" लोक मग कुठे नीट बघू लागत. तो खिडकीबाहेरच्या डाळिंबाकडे बघतोय, हे मला नोकरीला लागून महिना झाल्यावर कळलं.

मी नायगावकडच्या शेतकऱ्याची पोर, या संग्रहालयात हंगामी लेखनिक होते. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून मी कपाटातली बिदरी सुरई काढली. चांदीच्या वेलीभोवती सगळं काळंकुट्ट. आमच्याकडे दिवाळीआधी तांब्याच्या घागरी चिंचेने लख्ख करतात. मी चिंच घेतली आणि मन लावून घासत बसले. चांदीची नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम चढवलेला तो काळा रंग म्हणजेच बिदरीचा जीव, हे मला कुठे माहीत? सुरई राखेसारखी झाली.

चाचा ती बघून मटकन खालीच बसले. आता नोकरी गेली, असंच मला वाटलं. चाचा माझी चूक अंगावर घेतील अशी आशा मला होती, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, "सायेब आले की तूच सांग बेटी. मी बाजूला उभा ऱ्हातो."

मी सांगितलं. साहेब भडकले आणि मला घरी पाठवायला निघाले. तेव्हा चाचा म्हणाले, "पाठवा सायेब. पर नवा माणूस येईल त्याला ह्ये ठाऊक नसंल. हिला जलमभर ठाऊक राहील." साहेब सुरई फिरवून बघत "राहू दे हिला" म्हणाले. मग बिदरहून कारागीर बोलवायला सांगून निघून गेले.

कारागिराने रंगासाठी बिदरच्या किल्ल्यातली माती आणली होती. "ही माती चाखून पारखतेत," म्हणत चाचांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, मलाही दिली. खारट, चुरचुरणारी. सुरई पुन्हा काळी झाली. गळ्याशी चांदीची तार सैल होती, ती निसटेल म्हणून तिथे रंग चढवायला लागणारा ताव, म्हणजे आच, देता येईना. तेवढा राखी डाग राहिला. "लोकायला सांगत जा," चाचा म्हणाले, "त्यांच्या घरची चीज तरी वाचंल." तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगू लागले.

चाचा निवृत्त झाले, मी कायम झाले. गेल्या वर्षी लातूरच्या कॉलेजातली प्राध्यापक मंडळी आली होती. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे मला लाज वाटली. सुरईची सगळी माहिती सांगितली, डाग तेवढा गाळला. पुढच्या कपाटाकडे वळले, तोच मागून थकलेला आवाज आला.

"म्याडम, सुरईच्या गळ्याला काय झालंय?"

चाचा होते. रीतसर तिकीट काढून, गर्दीच्या मागे काठी टेकून उभे. अनोळखी माणसासारखे माझ्याकडे बघत होते. मी परत फिरले आणि चिंचेपासून सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

पुढच्याच महिन्यात चाचा गेले. आता कुणी विचारो न विचारो, मी सुरईची गोष्ट त्या डागापासूनच सुरू करते.